३१ मेची निवृत्ती: पेन्शनचे कागद, शाळेचा चार्ज आणि सहकाऱ्यांचा निरोप

माझी जन्मतारीख १ जून १९६७. माझ्या वयाच्या कितीतरी शिक्षकांची तारीख हीच निघेल. शाळेत नाव घालताना घरच्यांना नेमकी तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहायचे. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत आम्ही ५८ वर्षं पूर्ण झाली की निवृत्त होतो, तेही त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असला तर मात्र आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. म्हणून आमच्यासारख्यांचा शेवटचा दिवस ३१ मे. तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी असते, वर्गांना कुलपं असतात आणि निम्मे शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात.

मी ३१ मे २०२५ ला पाटण तालुक्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. त्याआधी शाळेतल्या काही जणांचे पेन्शनचे प्रस्ताव मी स्वतः बसून करून घेतले होते. तरी स्वतःची वेळ आली तेव्हा छातीत धस्स झालं. शिक्षकाला फक्त स्वतःचे कागद सांभाळायचे असतात. मुख्याध्यापकाला ते सांभाळून सगळी शाळा दुसऱ्याच्या हवाली करायची असते, आणि ते नीट झालं नाही तर मागे राहिलेल्यांचे पगार अडतात. माझ्या जागी पुढे कुणी असेल त्याला अंदाज यावा म्हणून ते वर्ष जसं गेलं तसं लिहिते आहे.

सुरुवात जून २०२४ मध्ये केली, बरोब्बर वर्षभर आधी. पहिलं काम सेवापुस्तक, म्हणजे आपल्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक. आमच्या क्लार्कना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी एका शनिवारी शाळा सुटल्यावर कपाटातून माझं मूळ सेवापुस्तक काढलं, मी घरून दुय्यम प्रत आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून पान न् पान ताडून पाहिलं. पहिली नेमणूक जून १९९१ ची. त्यानंतर पाचवा, सहावा, सातवा अशा तीन वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती, १२ वर्षांनी मिळालेली वरिष्ठ श्रेणी, मुख्याध्यापकपदाची मान्यता, दरवर्षीची वेतनवाढ, रजेचा हिशेब. पहिल्या पानावरच्या नोंदींखाली दर पाच वर्षांनी आपली सही लागते, ती दोन ठिकाणी राहिली होती. ते लगेच झालं. पण मधल्या एका वर्षाची सेवा पडताळणीची नोंदच नव्हती. तेव्हा मी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत होते.

त्या शाळेत गेले तर तिथले सगळे चेहरे नवे. मला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. तरी तिथल्या भाऊसाहेबांनी माळ्यावरची जुनी पगारपत्रकं उतरवून दिली. कागद पिवळे पडलेले, काहींच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. बारा महिन्यांच्या पत्रकांत माझं नाव आणि समोर रेव्हेन्यू स्टॅम्पवर केलेली माझी सही सापडली. त्याच पानांवर त्या काळच्या माझ्या सहकाऱ्यांच्या सह्याही होत्या. त्यातले तिघे आता हयात नाहीत. मी त्या पानांचे फोटो काढून आणले, काम झालं तरी ते फोनमध्ये ठेवले आहेत. पगारपत्रकांच्या आधारे तिथल्या मुख्याध्यापकांनी पडताळणीची नोंद करून सही-शिक्का दिला. तुमची नोकरी एकाहून जास्त शाळांत झाली असेल तर हे काम सगळ्यांत आधी करा. जुनं दप्तर दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं.

दुसरा प्रश्न नावाचा. माझी नेमणूक माहेरच्या नावाने, पुढचं सगळं सासरच्या नावाने. राजपत्रात नाव बदलल्याची प्रत माझ्याकडे होती, सेवापुस्तकात तशी नोंदही होती, पण पॅनकार्डावर यजमानांच्या नावाचं एक अक्षर वेगळं आणि बँकेत तर मधलं नावच नाही. सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक, चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. शिक्षिकांना मुद्दाम सांगते, हे पेन्शनचा अर्ज भरण्याआधी उरका. पॅनची दुरुस्ती होऊन यायला मला महिना लागला.

ऑगस्टमध्ये सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं. सातव्या आयोगाची वेतननिश्चिती तपासून त्यांचा शिक्का बसल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. परत यायला दिवाळी आली. तोपर्यंत मी अर्जाचे नमुने भरत बसले. नवरा-बायकोचा एकत्र फोटो, नमुना सह्या, ओळखीच्या खुणा, उंची, कुटुंबातल्या व्यक्तींचा तपशील, उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) नामनिर्देशन, अंशराशीकरणाचा अर्ज, ना-देय दाखला, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला. शिक्षकांच्या कागदांवर मुख्याध्यापक सही करतो. मुख्याध्यापकाच्या कागदांवर संस्थेच्या सचिवांची सही लागते. आमचे सचिव शेतीच्या कामात असत, म्हणून मी सगळे कागद एकदम तयार करून, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून नेले. दोघांचाही वेळ वाचला.

एकत्र फोटोसाठी स्टुडिओत बसलो तेव्हा हे म्हणाले, "लग्नानंतर असे मुद्दाम फोटोला बसलोच नव्हतो." एरवी कुठल्या कागदासाठी हे कधी बरोबर आले नव्हते.

अंशराशीकरण करायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. मूळ पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, तेवढी पेन्शन महिन्याला कमी येते आणि १५ वर्षांनी ती पुन्हा सुरू होते. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज असेल तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. आमच्यावर घराचं कर्ज होतं, म्हणून मी पूर्ण ४० टक्के केलं. ज्याच्यावर कर्ज नाही त्याने शांतपणे आकडेमोड करून ठरवावं, शेजारच्याने केलं म्हणून करू नये.

नोव्हेंबरच्या अखेरीस प्रस्ताव साताऱ्याला शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात दिला. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रस्ताव मार्गी लागलेला बरा. तिथून तो मुंबईला महालेखापाल कार्यालयात जातो. उंब्रजमार्गे एसटीने जायचं, महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च फार नाही. झेरॉक्स, फोटो, बाइंडिंग मिळून दीड-दोन हजार रुपये गेले असतील. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती केल्या आणि दिलेल्या प्रत्येक प्रस्तावाच्या पोचेवर तारखेचा शिक्का घेतला. नंतर फेब्रुवारीत एक त्रुटीपत्र आलं. एका नमुन्यावर साक्षीदाराची सही होती पण पत्ता नव्हता. पोच आणि झेरॉक्स हाताशी असल्यामुळे आठवड्यात पूर्तता गेली.

इथवर माझं. आता सहकाऱ्यांचं सांगते, कारण माझा जीव खरा तिथे अडकला होता.

जानेवारी २०२५ मध्ये एका संध्याकाळी ऑफिसात बसून मी यादी केली: माझ्या सहीवाचून कुणाचं काय अडलं आहे. यादी माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी निघाली. इंग्रजीच्या मॅडमना १२ वर्षं पूर्ण होऊन गेली होती, वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव एका दाखल्यासाठी थांबलेला. चित्रकलेच्या सरांचं वडिलांच्या ऑपरेशनचं वैद्यकीय बिल. शिपाईमामांच्या सेवापुस्तकात मुलाचं नाव चुकीचं. भाऊसाहेबांना मुलीच्या लग्नासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढायची होती. प्रयोगशाळा सहायकांच्या दोन वर्षांच्या वेतनवाढीच्या नोंदी राहिलेल्या. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेली आमची तरुण शिक्षणसेविका १८,००० रुपये मानधनावर काम करते. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर तिला नियमित व्हायचं आहे, आणि त्या वेळी पहिल्या वर्षाचा तिचा कामाचा अहवाल कुणी दिला हे पाहिलं जाईल.

नवा मुख्याध्यापक येईल तेव्हा ही कामं तोही करेलच. पण त्याला माणसं कळायला, जुनी प्रकरणं समजायला वेळ लागतो, आणि त्याच्या सहीला मान्यता मिळेपर्यंत तर हात बांधलेलेच असतात. म्हणून ठरवलं की माझ्या सहीसाठी थांबलेला एकही कागद मागे ठेवायचा नाही. रोज शेवटच्या तासाला एकेकाला ऑफिसात बोलवायला सुरुवात केली. त्याचं सेवापुस्तक उघडायचं, त्याच्या समोर वाचायचं, जे अपुरं असेल ते लिहून काढायचं. निरोपाची भेट म्हणून कुणालाच बोलावलं नव्हतं. पण दार लोटून, मध्ये चहा ठेवून, एखाद्याच्या वीस वर्षांच्या नोंदी दोघांनी मिळून वाचायला लागलं की बोलणं आपोआप निघतं. दीर्घ रजेच्या नोंदीपाशी इतिहासाचे सर थांबले आणि पत्नीच्या आजारपणाबद्दल बोलले. एका स्टाफरूममध्ये आम्ही इतकी वर्षं बसलो, पण हे मला माहीत नव्हतं. रजा मंजूर केल्याची सही माझीच होती.

इंग्रजीच्या मॅडमचं सेवापुस्तक पाहताना वेगळं दुखणं पुढे आलं. त्या १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन त्यांना नाही. माझ्या टेबलावर पेन्शनच्या कागदांची फाइल उघडीच होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सुटलात. आमचं काय व्हायचं ते होईल." जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात आम्ही दोघी साताऱ्याच्या मोर्च्यात शेजारी शेजारी चाललो होतो. एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर, सारखंच काम केलेल्या दोघींच्या म्हातारपणात एवढा फरक असावा हे मला आजही पटत नाही. त्यांच्यासाठी माझ्या हातात एकच गोष्ट होती, त्यांच्या खात्यातल्या कपातीच्या जुन्या नोंदी शोधून जुळवून देणं. ती केली. दोन वर्षांच्या कपातींचा मेळ लागत नव्हता, तो भाऊसाहेबांनी शेड्यूल काढून लावला.

मार्च-एप्रिलमध्ये गोपनीय अहवाल लिहिले. त्या रकान्यांत माणूस मावत नाही. शिस्त, वक्तशीरपणा, विषयज्ञान, प्रतवारी, संपलं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्या वर्गखोल्यांत माणसं येऊन राहिली होती. मामांनी तेव्हा स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना शाळा सोडली नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? कोरोनाच्या काळात विज्ञानाच्या मॅडम वाडीवस्तीवर जाऊन देवळाच्या ओसरीत मुलांना शिकवायच्या, कारण तिथे मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून मी प्रत्येकासाठी एकेक पत्र लिहिलं. शिक्षक, भाऊसाहेब, प्रयोगशाळा सहायक, मामा, पोषण आहार शिजवणाऱ्या दोन्ही मावश्या, सगळ्यांना. एक पानाहून मोठं नाही, आणि त्यात स्तुतीची विशेषणं टाळून त्या माणसाचं एक काम लिहायचं, जे मी स्वतः पाहिलं आहे. मावश्यांपैकी एकीला वाचता येत नाही. तिचं पत्र मी तिला चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, ह्ये मी नातवाकडनं परत वाचून घेईन."

निरोप समारंभाची तारीख ठरवणं सोपं नव्हतं. ३१ मेला कुणी नसणार. त्या वर्षी वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मेला होता. म्हणजे महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन आणि निकाल, यासाठी सगळे एकत्र असण्याचा तोच शेवटचा दिवस. स्टाफने तोच धरला. मी आधीच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वर्गणी काढायची तर मामा, मावश्या आणि शिक्षणसेविका यांच्याकडून घ्यायची नाही. आणि दागिना किंवा महागडी वस्तू नको. साडी-ओटी, शाल, श्रीफळ एवढं पुरे. त्यांनी ऐकलं. स्नेहभोजन माझ्याकडून होतं: मटकीची उसळ, पुरी, जिलेबी, मसालेभात. गावातल्याच आचाऱ्याने केलं, नऊ हजारांच्या आसपास खर्च आला. शाळेला आठवण म्हणून काय द्यावं हे मी ग्रंथपालाचं काम पाहणाऱ्या मराठीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "शब्दकोश द्या, जुने फाटलेत." पाचवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीला एकेक मराठी आणि इंग्रजी शब्दकोश दिला.

भाषणं झाली. गणिताचे सर सर्वांत ज्येष्ठ, माझ्यानंतर चार्ज त्यांच्याकडे जाणार होता. त्यांनी माझ्याबद्दल बोलताना फार मोठं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मॅडमनी सहीसाठी कुणाला दुसऱ्यांदा यायला लावलं नाही." मला ते वाक्य पुरलं. माझं भाषण मी लिहून नेलं होतं. ज्यांना रडू येईल असं वाटतं त्यांनी लिहूनच न्यावं, कागदाचा आधार होतो. तरी मामांचं नाव आलं तिथे थांबावं लागलं. दहावीची माजी विद्यार्थिनी, आता साताऱ्यात नर्स आहे, ती ड्यूटी बदलून आली होती. तिच्या आईच्याही वर्गशिक्षिका मीच होते.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी लागली आणि माझं खरं चार्जचं काम सुरू झालं. लोकांना वाटतं मुख्याध्यापकालाही सुट्टी. १३ मेला दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी ऑफिसात मी, भाऊसाहेब आणि दहावीचे वर्गशिक्षक. मुलं पालकांना घेऊन येत होती. पेढे खाऊन झाल्यावर आम्ही पुन्हा रजिस्टरं मोजायला बसलो.

चार्ज देताना गणिताचे सर रोज सकाळी यायचे. दोन गोष्टींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. पहिली, ज्या नोंदींत शाळेची पत आहे त्या: जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदी), शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तकं कोऱ्या पानांच्या क्रमांकांसह, रोजकीर्द, फीची पावती पुस्तकं, चेकबुकं, शिक्के. प्रत्येकातला शेवटचा वापरलेला क्रमांक चार्ज यादीत लिहिला. डेड स्टॉक आणि प्रयोगशाळेचं साहित्य प्रत्यक्ष मोजलं. जे मोडलेलं होतं ते मोडलेलं म्हणूनच लिहिलं, ते नोंदीतून कमी करण्याचा, म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव जोडला. पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ मावशींना बोलावून काट्यावर वजन केला. पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम या हिशेबाने नोंदवही आणि पोती जुळली तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावर माझ्याइतकंच समाधान होतं, कारण कमी भरलं असतं तर पहिलं बोट त्यांच्याकडे गेलं असतं.

दुसरी गोष्ट नवी आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शाळेची आणि मुलांची माहिती भरायची यू-डायस प्लस आणि सरल, पगाराचं शालार्थ, बोर्डाचं लॉगिन, शिष्यवृत्तीचं पोर्टल, सगळ्यांना माझा मोबाइल नंबर जोडलेला. ओटीपी माझ्याकडेच येणार. निवृत्तीनंतर रात्री दहाला सहकाऱ्यांना "मॅडम, ओटीपी सांगा" असा फोन करावा लागू नये, म्हणून मे महिन्यातच शाळेच्या नावाने वेगळं सिमकार्ड घेऊन जिथे जमलं तिथे नंबर बदलले, आणि जिथे वरून मंजुरी लागते तिथे अर्ज टाकले. पासवर्ड एका वहीत लिहून बंद पाकिटात चार्जबरोबर दिले. लॉगिन ताब्यात दिल्याची नोंद चार्ज यादीत जरूर करा. त्या तारखेनंतर तिथे जे होईल त्याची जबाबदारी कुणाची, हे कागदावर असलेलं बरं.

पगाराचं सर्वांत नाजूक. प्रभारी मुख्याध्यापकांच्या सहीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आली नाही तर पगारबिल जात नाही आणि सगळ्या शाळेचा पगार थांबतो. त्यासाठी संस्थेचा ठराव, ज्येष्ठता यादी, माझ्या निवृत्तीचं पत्र आणि सरांच्या नमुना सह्या असा प्रस्ताव लागतो. आम्ही तो एप्रिलमध्येच दिला होता. बँकेतही शाळेच्या प्रत्येक खात्यावर सही बदलावी लागते, आणि बँक ठरावाची मूळ प्रत मागते, झेरॉक्स चालवून घेत नाही. ठराव करतानाच सचिवांकडून चार-पाच सही-शिक्क्याच्या प्रती घेऊन ठेवल्या तर धावपळ वाचते. ३१ मेला शनिवार होता. सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून साताऱ्याची सगळी कामं शुक्रवारपर्यंत संपवायची हे धरूनच चाललो. मान्यतेचं पत्र गुरुवारी हाती आलं. सर आणि मी ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, आणि सरांनी तिथूनच स्टाफच्या ग्रुपवर कळवलं.

शनिवारी, ३१ मेला, मी नेहमीच्या वेळेला शाळेत गेले. कुणी येणार नाही असं धरलं होतं. विज्ञानाच्या मॅडम माहेराहून एसटीने आल्या, इतिहासाचे सर पत्नीला घेऊन आले, शिक्षणसेविका कोल्हापूरहून आली. बोलावलं कुणी नव्हतं. मामांनी ऑफिसपुढे सडा घातला होता. चार्ज यादीच्या प्रत्येक पानावर देणार आणि घेणार अशा दोन सह्या झाल्या, चार प्रती केल्या: शाळेला, संस्थेला, शिक्षणाधिकारी कार्यालयाला आणि एक माझी. हजेरीपत्रकात शेवटची सही केली. लॉगबुकात लिहिलं की आज मध्यान्हानंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होऊन कार्यभार हस्तांतरित केला. तसंच वाक्य माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी लिहिलेलं चार पानं मागे होतं. मग मी टेबलापलीकडच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसले आणि सरांना माझ्या खुर्चीत बसवलं. ते बसेनात. "मॅडम, सोमवारी बसतो" म्हणाले. मी म्हटलं, सोमवारी मी नसेन, आत्ता बसा. बसले.

त्यानंतरचे दोन महिने कठीण गेले, हे सांगितलं पाहिजे. सकाळी साडेनवाला पायात चप्पल घालायची सवय जात नाही. १६ जूनला शाळा सुरू झाली तेव्हा प्रार्थनेची घंटा घरापर्यंत ऐकू येत होती. मी ठरवलं होतं की पहिले तीन महिने बोलावल्याशिवाय शाळेत जायचं नाही. नव्या माणसाला त्याच्या पद्धतीने बसू द्यावं. फोन आला तर माहिती द्यायची, मत द्यायचं नाही. हे पाळायला जड गेलं, पण पाळलं.

पैशांचं असं झालं. निवृत्तिवेतन, उपदान आणि अंशराशीकरणाचे आदेश जूनच्या शेवटी आले. मे महिन्याचा पगार निघाल्यावरच अंतिम वेतन प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याशिवाय कोषागार पुढे जात नाही. जुलैत कोषागारात प्रत्यक्ष हजर राहून ओळख पटवली. आदेशाची प्रत, आधार, पॅन, पासबुक, रद्द केलेला चेक आणि फोटो बरोबर नेले. पहिली पेन्शन ऑगस्टमध्ये जमा झाली, मागच्या महिन्यांच्या फरकासह. भविष्य निर्वाह निधीचा अंतिम प्रस्ताव वेतन पथकाकडे वेगळा द्यावा लागतो, ती रक्कम त्याआधीच आली होती. पेन्शन मात्र तिसऱ्या महिन्यात आली, म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवा. आणि कर्जाचा हप्ता पगाराच्या खात्यातून जात असेल तर बँकेला आधी कळवा.

नोव्हेंबरात पहिला हयातीचा दाखला दिला. त्याच आठवड्यात गणिताच्या सरांचा फोन आला. तेही १ जूनचे, पण एक वर्षाने धाकटे. त्यांची आणि प्रयोगशाळा सहायकांची निवृत्ती ३१ मे २०२६ ला आहे. दोघांची सेवापुस्तकं घेऊन ते रविवारी घरी आले. हे चहाचं बघायला आत गेले आणि आम्ही तिघं पहिल्या पानापासून वाचत बसलो. सहायकांच्या राहिलेल्या दोन वेतनवाढींच्या नोंदींखाली माझी फेब्रुवारीतली सही होती. सरांच्या पॅनकार्डावर वडिलांचं नाव वेगळं निघालं, त्याचा दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी भरला.